न्यूट्रलसुद्धा

बटण कुठं आहे, असं विचारलं
की व्हर्ना स्कोगलुंड आधी कॉफी ओतते.
उत्तर डाकोटातला नोव्हेंबर, पारा शून्याखाली,
काचेपलीकडे दोन पंप, त्यातला एक डिझेलचा,
आणि मग नुसतं सपाट
सूर्यफुलांची खुंटं उरलेलं रान, थेट रुळांपर्यंत.

बटण आहे. बियाणं कंपनीच्या कॅलेंडरमागे.
कॅलेंडरवर अजून जुलैच.
मी टेप काढते. जवळच्या पंपापासून
बटणापर्यंत एकतीस फूट.
नियम म्हणतो, वीस फुटांच्या आत नको,
शंभरांच्या पलीकडे नको.
म्हणजे आग लागली तर हात पोचावा
आणि हात भाजू नये.
माणसामाणसांतलं अंतरही कुणी असं
आकड्यात लिहून दिलं असतं तर
ते जाऊ दे.
मी फॉर्मवर एकतीस लिहिते.

मग पॅनेलचं झाकण.
चार स्क्रू, त्यातला एक गंजलेला.
काळी तार ब्रेकरमधून गेलेली. लालही गेलेली.
पांढरी मात्र सरळ पट्टीला आवळलेली,
मध्ये काही नाही, तुटायची सोयच नाही.
'ती न्यूट्रल ना?' व्हर्ना म्हणते,
'ती कुणाच्या अध्यात ना मध्यात.
तिला कशाला तोडायची?'

मी लायल टॉर्व्हिकचं नाव घेत नाही.
तो तिचा मावसभाऊ. तिला माहीत आहे
मला माहीत आहे.

मार्चमध्ये, चाळीस मैलांवरच्या को-ऑपमध्ये
लायलनं सगळं पुस्तकात असतं तसं केलं होतं.
ब्रेकर पाडला. कुलूप लावलं, किल्ली खिशात.
टेस्टर काळ्या तारेला लावला: मेलेली.
मग गुडघ्यांवर बसून
पांढऱ्या तारेची टोपी फिरवली, उघड्या बोटांनी,
कारण हातमोज्यात बारीक काम होत नाही.
पलीकडच्या पंपावर कुणीतरी पिकअप भरत होतं.
त्या मोटरचा परतीचा करंट
याच पांढऱ्या तारेतून घरी निघाला होता.
वाट मध्येच तुटली तेव्हा त्यानं उडी मारली.
मोहरीएवढी ठिणगी.
पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खड्ड्यात बसून होती.

भुवया परत आल्या. उजवा कान आला नाही.

लायल म्हणतो, चूक माझीच, मी दोनदा तपासायला हवं होतं.
थँक्सगिव्हिंगला चर्चच्या तळघरात
माझ्यासाठी बटाट्यांचं भांडं पुढे करतो
आणि डावा कान माझ्याकडे वळवतो.
त्या को-ऑपच्या जुन्या फॉर्मवर सही कुणाची आहे
हे त्यानं कधी विचारलं नाही.

माझी आहे.
त्या दिवशीही थंडी होती.
दांडा दिसला, ब्रेकर दिसला,
झाकणाचे चार स्क्रू तसेच राहिले.

'अर्लीस, कॉफी निवतेय.'

मी लाल चिठ्ठी लिहिते. पेन दोनदा गोठतं,
तोंडाजवळ धरून ऊब द्यावी लागते.
सगळ्या तारा, एकाच वेळी, न्यूट्रलसुद्धा.
दुरुस्तीसाठी वेगळा दांडा, कुलूप लागेल असा.
पुन्हा चालू व्हायचं ते आपोआप नाही:
माणसानं यायचं, बघायचं,
आपल्या हातानं करायचं.

व्हर्ना चिठ्ठी वाचते. खर्च मनात मोजते,
ओठ हलतात. सोमवारपर्यंत पंप बंद,
आणि ट्रक येतात ते शनिवारीच.
'तू आधी अशी नव्हतीस,' ती म्हणते.
नाही, मी म्हणते. नव्हते.

ती बटण दाबते, मी न सांगता.
बाहेरची गुणगुण थांबते. पंपांवरचे आकडे विझतात.
आत फ्रिज मात्र चालूच, त्याची तार वेगळी.
मी मीटर लावते, पांढरी आणि जमीन,
काटा थरथरतो. थोडासा.
असतो म्हणजे काहीतरी अजून तिच्यात,
सगळं बंद केल्यावरही.

व्हर्ना कॅलेंडर काढते
आणि दुसऱ्या खिळ्याला लावते.
जुलैच.